हुकाखाली माणसं असतात

११ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम बायकोच्या हातून लिहून घेतलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच कुठेतरी सारून दिलं असतंस. बायको म्हणाली, "सहा वर्षं बहिणीचं नाव काढलं नाहीत, आणि आज एकदम पत्र?" मी म्हटलं, घराच्या कागदांचं काम आहे.

तर काम ते. बाबांच्या घराच्या कागदांवर तुझी एक सही राहिलीय. घाई नाही, सवडीने बघ. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहावं लागलं.

बाकी आमचं ठीक. मी अजून क्रेनवरच आहे. अठरा मजल्यांच्या दोन इमारती उठताहेत आणि माझी केबिन त्यांच्याही वर. एका माणसापुरती, चहूकडे काच, पायाखालीही काच. सकाळी सातला शिडी चढलो की संध्याकाळीच उतरतो, डबाही वरच खातो. खाली सिग्नल द्यायला एक जण असतो. वॉकीटॉकीवर त्याचं तोंड मिटत नाही म्हणून सगळे त्याला पोपट म्हणतात. बावन्न वर्षांचा आहे, नातवंडं आहेत, तरी पोपटच. मला वरून खालचं नीट दिसत नाही. तो म्हणतो "घे, घे, हळू, बस," आणि मी तेवढं करतो. दिवसभर आम्हाला एकमेकांचं तोंड दिसत नाही, पण बायकोपेक्षा त्याचा आवाज जास्त ऐकतो मी.

आणखी एक विचारायचं होतं. माझ्यासाठी नाही. इथे दुसऱ्या क्रेनवर एक जण आहे, माझ्याच वयाचा. त्याला हल्ली वर असताना मधेच काहीतरी होतं. छाती आवळते, हातांना मुंग्या येतात. तुला पूर्वी व्हायचं तसंच काहीसं वाटतंय. तू तेव्हा काय करायचीस? गोळी होती का काही? तो विचारत होता.

दाजींना नमस्कार सांग.

२ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असं धरून चालतोय.

त्या दुसऱ्या क्रेनवाल्याचं नीट सांगतो, म्हणजे तुला अंदाज येईल. आधी बोटांची टोकं झिणझिणतात. मग ओठ जड होतात, दात काढताना सुई टोचल्यावर होतात तसे. मग श्वास अर्ध्यावर अडतो. आत घेतोय घेतोय, पण तळाला पोचतच नाही. कानात धडधड सुरू होते आणि काचेपलीकडचं सगळं, इमारती, रस्ता, माणसं, चित्रासारखं सपाट दिसायला लागतं. तेव्हा त्याची खात्री पटलेली असते, की आता संपलं, आता इथेच. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं ओसरतं. सदरा पिळून काढावा इतका ओला. त्यानंतर दिवसभर, पुन्हा कधी येईल याची वाट बघत बसायचं. खरं म्हणजे ते येण्यापेक्षा ही वाट बघणंच वाईट. त्याने चहा सोडलाय. दर थोड्या वेळाने नाडी बघतो. कुठेही गेला तरी दाराजवळची जागा धरतो.

परवा न्हाव्याकडे गेलो होतो. त्याने मानेभोवती फडकं बांधलं, गाठ मारली, आणि झालं. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस, तसाच उठून रस्त्यावर आलो. न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात उभा, "अहो, अहो, काय झालं?" लोकांना वाटलं असेल की हा माझा खून करायला धावतोय. उरलेली अर्धी घरी येऊन केली. त्यातही दोनदा कापलं.

हे त्याचं नाही, माझंच सांगतोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल. इथे क्रेन एकच आहे.

कागदांवर सही वगैरेही काही नकोय.

१९ मार्च

ताई,

दोन आठवड्यांत तीनदा दवाखान्यात जाऊन आलो. तिन्ही वेळा ईसीजी काढला, तिन्ही वेळा साफ. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "तुमचं हृदय ठणठणीत आहे. हे पॅनिक अटॅक आहेत. जे जाणवतं ते खोटं नाही, शरीर खरंच तसं करतं. पण याने तुम्ही मरणार नाही." मला हायसं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, काहीतरी फुटलेलं-तुटलेलं सापडलं असतं तर बरं झालं असतं. निदान दाखवता तरी आलं असतं.

त्यांनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, गोदामात कारकून आहे.

का म्हटलं ते तुला सांगायला नको. क्रेन चालवतो म्हटलं असतं तर त्यांनी तिथेच लिहून दिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी माझं वर जाणं बंद झालं असतं. एकोणीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. खाली आलो तर मी कोण?

त्यांनी गोळ्या दिल्या, त्याही घेत नाही. झापड येईल म्हणतात, आणि वर झापड येऊन चालत नाही.

आता जे लिहितोय ते बायकोलाही ठाऊक नाही. सोमवारी सळयांचं बंडल उतरवत होतो. पोपट म्हणाला, "हळू, हळू, बस." आणि 'बस' माझ्या कानात शिरलंच नाही. कानात फक्त धडधड होती. बंडल जमिनीवर आपटलं. एक सळई निसटून उडाली आणि पोपटापासून हातभर अंतरावर पडली. तो वॉकीटॉकीवर म्हणाला, "अरे काय रे, झोपलास का?" मी म्हटलं, "वारा आला एकदम." तो क्षणभर गप्प बसला. पोपट गप्प बसला, ताई. मग म्हणाला, "खाली तर पान हललं नाही."

शिडी चढायला तीस मिनिटं लागायला लागलीत. पूर्वी बारा लागायची.

तुला लिहायला तोंड नाही. पण हे ज्याला कळेल असं दुसरं कोणी माझ्या माहितीत नाही.

३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. पाच ओळी, वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही. मी ते घडी घालून हेल्मेटच्या आत ठेवलंय. पाठ झालंय, तरी ठेवलंय:

"श्वास आत ओढायला जाऊ नकोस, आधी सगळा बाहेर सोड. मग चार मोजत घे, सहा मोजत सोड. तळपाय जमिनीला टेकलेत का बघ. ते येतं तेव्हा त्याच्याशी भांडू नकोस, तितकं ते जास्त येतं. आणि सुपरवायझरला उद्याच्या उद्या सांग. भाऊ म्हणून लिहीत नाही. तुझ्या हुकाखाली माणसं असतात, म्हणून लिहिते."

शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. राग आला नाही. यायचा अधिकारही नाही.

श्वासाचं करून बघितलं. सोडायचा म्हणजे भीती वाटते, सोडला आणि परत आलाच नाही तर? पण आला. चारदा आला, मग मोजणी चुकली. तरी आधीपेक्षा बरं.

सुपरवायझरला सोमवारी सांगतो. नक्की.

१७ एप्रिल

ताई,

सोमवारी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारीही नाही. दरवेळी त्याच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि "सेफ्टी बेल्ट जुना झालाय, बदलून द्या," एवढं म्हणून परत आलो. दोन नवे बेल्ट मिळाले.

काल सकाळी दहाच्या सुमाराला काँक्रीटची बादली घेऊन सोळाव्या मजल्याकडे निघालो होतो. बादली म्हणजे दीड-दोन टन. अर्ध्या वाटेत ते आलं. आणि कालचं आधीच्या कशासारखंच नव्हतं. हात मनगटापासून पुढे माझे राहिलेच नाहीत, बोटं आत वळली आणि उघडेनात. पायाखालच्या काचेतून बादली दिसत होती, तिच्याखाली पिवळी हेल्मेट. सात होती. मी मोजली. लिव्हर सोडला की क्रेन जागच्या जागी थांबते, तेवढं मी केलं. बादली लटकत राहिली, मंद फिरत.

पोपट म्हणाला, "चल ना, थांबलास का?"

मी तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. तो पुन्हा म्हणाला, "ऐकतोस ना?" तेव्हा मला वाटलं, आता 'वारा' म्हणायचं. जिभेवर आलंच होतं.

मी म्हटलं, "पोपट, माणसं बाजूला कर. मला काहीतरी होतंय. माझे हात चालत नाहीत."

सगळ्या साइटचा एकच चॅनल आहे. सुपरवायझरने ऐकलं, गवंड्यांनी ऐकलं, गेटवरच्या पहारेकऱ्यानेही ऐकलं. पोपटाने एकही प्रश्न विचारला नाही. त्याची शिट्टी वाजली, आणि बघता बघता खालची जमीन रिकामी झाली. मग म्हणाला, "झालं. खाली कुत्रंसुद्धा नाही. आता तू तुझं बघ. मी आहे इथे."

मी श्वास बाहेर सोडला. चार मोजले, सहा मोजले. तळपाय काचेला टेकलेले बघितले आणि काचेखालचं बघून पुन्हा मोजणी चुकली. पोपट बोलत राहिला. त्याच्या नातीने मांजराला आंघोळ घातली, मांजर कपाटावर जाऊन बसलं, त्याला खाली कसं आणलं, वीस मिनिटं हेच. बोटं एकेक करून सुटली. मग तो म्हणाला, "घे. घे. हळू. बस." बादली टेकली. खाली कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेच बरं झालं.

पण उतरता येईना. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की गुडघे दोरीसारखे होत. पुन्हा केबिनमध्ये बसलो, दाराची कडी दोन्ही हातांनी धरून. किती वेळ ते सांगता येत नाही. मग शिडीवरून धापा टाकल्याचा आवाज आला. पोपट! सात वर्षांत तो कधी वर आला नव्हता, त्याचे गुडघे गेलेत. दारात डोकं घालून घाम पुसत म्हणाला, "इथून मी एवढासा दिसतो होय? आणि मी उगाच टक्कल झाकत होतो."

तो माझ्याखाली एक पायरी ठेवून उतरला, माझा पाय हाताने धरून पायरीवर ठेवत. "डावा. आता उजवा. बस." अठरा मजले. उतरताना मला रडू आलं आणि त्याने न पाहिल्यासारखं केलं. वर बघायचीही सोय नव्हती म्हणा त्याला.

सुपरवायझर ओरडला नाही. त्याने फक्त विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "चार महिने." त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मला त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वर जायचं नाही.

२५ एप्रिल

ताई,

घरी बसून आहे. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन खरं काम सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. गोळ्या सुरू केल्यात, आठवड्यातून एकदा बोलायला जातो. त्यांनी विचारलं, "असं कोणाला होताना पूर्वी पाहिलं होतं का?" मी म्हटलं, नाही.

तिथून उठून आलो, आणि हे लिहायला बसलोय.

त्या दिवशी बाबा हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावर होते. तू पायऱ्यांनी येत होतीस, कारण लिफ्टमध्ये तुझा जीव घाबरायचा. चौथ्या मजल्याच्या वळणावर बसलेली सापडलीस. चेहरा पांढरा, हाताची बोटं आत वळलेली. आता मला ठाऊक आहे ती बोटं कशी वळतात. तू म्हणालीस, "थोडं थांब, दोन मिनिटं, मग येते मी." मी म्हटलं, "तिकडे बाबा चाललेत आणि तुझी नाटकं चाललीत." तुला दंडाला धरून लिफ्टमध्ये ओढलं. दार लागलं. तू किंचाळलीस. आत आणखी दोन माणसं होती, त्यातली एक बाई म्हणाली, "अहो, त्यांना सोडा." आणि मी तुझ्या तोंडात मारली. पुढच्या मजल्यावर दार उघडताच तू पळालीस.

मग बाबा गेले. घरी सगळे जमले होते, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "हिच्या नाटकांपायी हिने बाबांना शेवटचं बघितलं नाही. शेवटी मी होतो जवळ, म्हणून बरं." तू कोपऱ्यात उभी होतीस. पिशवी उचलून गेलीस.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं होतं की तू जमिनीवरून भांडलीस.

माफी मागतो असं लिहून दोनदा खोडलं. सोपं वाटलं ते. तुझ्या गालाचं काय करायचं ते मला कळत नाही, एवढंच खरं.

१२ मे

ताई,

तुझं दुसरं पत्र परवा आलं. या वेळी दोन पानं. वाचताना पुन्हा अटॅक आला, खुर्चीवरून जमिनीवर येऊन बसलो. बायको धावत आली, तिने पाणी दिलं, मग तिच्याच हातात पत्र दिलं. तिने सगळं वाचलं. वाचून माझ्यापासून जरा लांब बसली, आणि ते बरोबरच आहे.

तू लिहिलंस की लिफ्टमधून पळाल्यावर तू खाली गेलीच नाहीस. पायऱ्यांवर बसत, उठत, भिंत धरत सातव्या मजल्यावर पोचलीस. तासभर लागला. मला तोवर फॉर्म भरायला तळमजल्यावर पाठवलं होतं, आणि मी खिडकीतल्या माणसाशी वाद घालत होतो. बाबांनी डोळे उघडले, तुला ओळखलं, आणि विचारलं, "तो कुठेय?" तू म्हणालीस, "येतोय, वाटेत आहे." त्यांचा हात तुझ्या हातात होता तेव्हाच ते गेले. तू नर्सला हाक मारलीस आणि पुन्हा पायऱ्यांनी उतरलीस.

मी वर आलो तेव्हा नर्स म्हणाली होती, "काळजी करू नका, शेवटी जवळ माणूस होतं." मला वाटलं, ती स्वतःबद्दल बोलतेय.

सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो की शेवटी मी होतो. तू लिहिलंयस, "तेव्हा बोलले नाही, कारण माझ्याकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते मला तुझ्याशी वाटून घ्यायचं नव्हतं. आताही माफ केलं म्हणून सांगत नाहीये. तू वॉकीटॉकीवर सगळ्यांसमोर खरं बोललास, ते वाचून सांगावंसं वाटलं."

परवापासून फोन करतोय. त्या दिवशी घरी जे जे होते त्या सगळ्यांना. काकांना केला, मावशीला केला, थोरल्या चुलतभावाला केला. प्रत्येक वेळी नंबर लावताना बोटांत झिणझिण, तोंड कोरडं. काका म्हणाले, "जाऊ दे रे आता, जुन्या गोष्टी." मी म्हटलं, "जाऊ देऊ नका, आधी नीट ऐका." मावशी रडली. चुलतभावाने फोन ठेवून दिला.

आज सकाळी फक्त आत्याला फोन करायचा राहिला होता. तिला आता जवळजवळ ऐकू येत नाही, हे मी विसरलो होतो. घरात रेंज नीट नव्हती म्हणून बाहेर गॅलरीत गेलो. मी सांगितलं. ती म्हणाली, "काय? मोठ्याने बोल." पुन्हा सांगितलं. "कोण गेलं म्हणतोस?" छाती आवळायला लागली, डोळ्यांपुढचा रस्ता सपाट झाला. समोरच्या घरातला माणूस कपडे वाळत घालायचा थांबला. शेजारीण दारात आली. मी फोन ठेवून आत पळालो असतो, ताई, पाय तिकडे वळलेही होते. कठडा धरला, श्वास सोडला, आणि असेल नसेल तेवढ्या आवाजात ओरडलो, "आत्या, बाबांजवळ शेवटी ताई होती! मी नव्हतो! मी खोटं बोललो होतो! आणि मी तिला मारलं होतं!"

पलीकडून नुसता आत्याचा श्वास ऐकू येत होता.

मग ती म्हणाली, "बरं. आणि तू कुठे होतास?"

"मी खाली होतो," मी ओरडलो. तिला ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडलो.